नायकुंडचे लोखंड आणि तारापूरचे डबे : संक्षारणाच्या भाकिताचा ऐतिहासिक पुरावा

२०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत भिवंडी-निजामपूर आणि तारापूर एकाच ठाणे जिल्ह्यात होते. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासूनचे. वापरलेल्या इंधनाच्या पुनर्प्रक्रियेनंतर उरणारा तीव्र किरणोत्सारी द्रव तेथे बोरोसिलिकेट काचेत बद्ध करून स्टेनलेस स्टीलच्या डब्यांत भरतात. हे डबे हवेने थंड राखलेल्या कोठारात देखरेखीखाली असतात. पुढे ते खोल खडकात ठेवण्याचा विचार आहे. तसे भांडार भारतात अद्याप नाही.

कचऱ्याचा धोका हजारो वर्षांचा, तर प्रयोगशाळेतील संक्षारणाच्या चाचण्या फार तर काही दशकांच्या. म्हणून वैज्ञानिक प्राचीन धातूंकडे वळले. स्कॉटलंडमधील इंचटुथिल येथे रोमन सैन्याने इ. स. ८७ च्या सुमारास पुरलेले सात लाखांहून अधिक खिळे १९६० मध्ये सापडले. बाहेरचे खिळे गंजून त्यांचे कवच बनले होते. आतले बरेचसे शाबूत होते.

भारतात अशा वेळी दिल्लीचा लोहस्तंभ आठवतो. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याच्या टिकाऊपणाचा संबंध लोखंडातील फॉस्फरसमुळे बनणाऱ्या संरक्षक थराशी जोडला. परंतु स्तंभ उघड्या हवेत आहे आणि त्या थराला हवेतील ओल-कोरडेपणाचे चक्र लागते. पुरलेल्या डब्याच्या बाबतीत हा प्रसिद्ध साक्षीदार जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

त्यापेक्षा विदर्भातील महापाषाणीय लोखंड जवळचे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७८-८० मध्ये शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केले; तेथे लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली. इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातील हे लोखंड मातीत राहिलेले आहे.

तथापि, येथे इतिहासकाराने हरकत घेतली पाहिजे. संग्रहालयात पोहोचते ते टिकलेले लोखंड. पूर्ण विरलेले मोजलेच जात नाही. केवळ टिकलेल्या वस्तूंवरून काढलेला संक्षारणाचा वेग खऱ्यापेक्षा कमी येणार, आणि ही चूक डब्याचे आयुष्य वाढवून दाखवणारी, म्हणजे धोक्याच्या बाजूची आहे. शिवाय स्टेनलेस स्टील विसाव्या शतकातले. क्लोराइडयुक्त पाण्यात ते सर्वत्र सारखे न झिजता ठिकठिकाणी खड्डे पडून भेदले जाऊ शकते. तेथे लोखंडाची सरासरी लागू पडत नाही.

म्हणून एकाच दफनातील शाबूत कुऱ्हाड आणि तिच्याशेजारचा गंजाचा भुगा ही जोडी एकट्या सुस्थितीतील कुऱ्हाडीपेक्षा मोलाची आहे. वस्तू घासूनपुसून मांडण्यापूर्वी गंजाची जाडी आणि भोवतालच्या मातीतील ओल व क्षार नोंदवले गेले, तरच ती जोडी पुरावा म्हणून उरते.