नकाशातला खंदक

प्रथमपुरुषी नेमबाजीच्या संगणकीय खेळांवरील चर्चा बहुधा बंदुका आणि रक्तपात यांवरच येऊन थांबते. आमच्या मते या खेळांचा खरा इतिहास त्यांच्या नकाशांत आहे. खेळाडूला काय दिसावे, काय दडावे आणि एका जागेहून दुसरीकडे पोहोचण्यास किती वेळ लागावा, याचा तो इतिहास होय. बीड जिल्ह्यातील वाचकाला हे प्रश्न परके वाटू नयेत. बालाघाटाच्या रांगेतील धारूरचा किल्ला सोळाव्या शतकापासून त्यांचेच उत्तर देत उभा आहे: दरी आहे तिथे तटाला निसर्गाची साथ, आणि गावाकडे जमीन सपाट होते तिथे खंदक.

१९९२ च्या ‘वूल्फेन्स्टाइन थ्रीडी’त जमीन सर्वत्र सपाट आणि भिंती काटकोनात होत्या; तो चौकोनी वहीवर आखलेला चक्रव्यूहच होता. १९९३ च्या ‘डूम’ने चढउतार, तिरप्या भिंती, उजेड आणि अंधार आणले. जॉन रोमेरोने रचलेली त्याची पहिली लेव्हल, ‘हँगर’, आम्हांला आजही श्रेष्ठ वाटते. आरंभीच खिडकीतून बाहेरचे अंगण दिसते, पण तिकडे जायची वाट दिसत नाही. ती बरीच पुढे, भिंतीआड दडलेली आहे. आधी जागा दाखवायची आणि मग ती शोधायला लावायची, ही युक्ती पुढे अनेकांनी उचलली.

आमच्या पिढीने मराठवाड्यातील सायबर कॅफेत मात्र अधिक घोटवला तो ‘प्रोजेक्ट आयजीआय’. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने २००० साली आणलेला हा खेळ त्यांच्याच एका विमानांच्या खेळाच्या इंजिनावर बेतलेला होता, आणि म्हणूनच त्यात दालने कमी, उघडा माळ अधिक. टेकडीवर आडवे पडून दुर्बिणीतून तळ न्याहाळायचा, पहारे हेरायचे, कुंपणाची कच्ची बाजू शोधायची. इमारतींची आतली रचना ओबडधोबडच, हे मान्य. पण अंतराची अशी जाणीव त्या काळच्या फार थोड्या खेळांनी दिली. मोहिमेच्या मध्ये खेळ जतन करण्याची सोय नव्हती. भारनियमनाच्या त्या वर्षांत याचा अर्थ काय होता, हे निराळे सांगायला नको.

‘काउंटर-स्ट्राइक’चा ‘डस्ट’ याहून वेगळ्या जातीचा. डेव्ह जॉन्स्टन या इंग्रज मुलाने शाळकरी वयात, १९९९ साली तो रचला. प्रेरणा होती ‘टीम फोर्ट्रेस २’ या तेव्हा प्रकाशितही न झालेल्या खेळाच्या चित्रांची. २००१ साली त्याने ‘डस्ट २’ केला. बॉम्ब ठेवण्याच्या दोन जागा आणि त्यांकडे जाणाऱ्या मोजक्या वाटा: एक लांब आणि उघडी, एक मधून, एक अंधाऱ्या बोगद्यातून. नकाशा एवढाच, पण दोन्ही पक्ष कोणत्या क्षणी कुठे समोरासमोर यावेत, हे त्यात काटेकोर मोजलेले आहे.

इथे किल्ला आणि खेळ यांची फारकत होते. किल्ला बांधणारा न्यायी नसतो. हल्लेखोराला संधीच मिळू नये, हे त्याचे कौशल्य. (तरीही १६३१ साली आझमखानाच्या मोगल फौजेने धारूर घेतलाच.) जॉन्स्टनला मात्र राखणाऱ्याला आसरा द्यायचा होता आणि चालून येणाऱ्याला आशाही. हे काम आम्हांला तटबंदीहून अवघड वाटते, कारण दोन्ही बाजूंना हरल्यावर दोष नकाशाचा नव्हे, आपला वाटला पाहिजे.

‘डस्ट २’च्या मधल्या दरवाजाची फट पाहा. किल्ल्याची जंगी आतून रुंद आणि बाहेरून अरुंद असते. आतल्याला मैदान दिसते, बाहेरच्याला फक्त भोक. या दरवाजाची फट दोन्हीकडून सारखीच आहे. पलीकडून कोणीतरी क्षणभरात ओलांडून जातो, आणि पाहणाऱ्याला त्या क्षणासाठी बंदूक रोखून थांबावे लागते.