न जुळणाऱ्या हिशेबाची कुळकथा

उन्हाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी वर्तकनगरच्या वसाहतीतील वातानुकूलन यंत्रे जेव्हा एकदम सुरू होतात, तेव्हा रस्त्याकडेच्या रोहित्राच्या वेटोळ्यांतून वाहणारा प्रवाह वाढतो, त्याने तांबे तापते, तापल्या तांब्याचा विद्युत्‌रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्यांनी चढतो, आणि त्या चढत्या रोधापायी उष्णतेत आणखी भर पडते. भोवतालचे तेल ती वाहून नेते खरे, पण तेलाचा दाटपणाही पुन्हा तापमानाच्याच अधीन. वीज, उष्णता आणि तेलाचा ओघ ही तीन सरकारी खाती एकमेकांच्या दाखल्यावाचून कागद पुढे सरकू देत नाहीत. अशा प्रश्नाचे क्षणोक्षणीचे उत्तर संगणकाकडून काढवून घेणाऱ्या अभियंत्याला मध्येच 'कन्व्हर्ज होत नाही', म्हणजे उत्तर स्थिरावत नाही, असा शेरा मिळतो, आणि मग त्याची रुजुवात घालण्यात त्याचे दिवस जातात. या रुजुवातीची जी साधने आज सॉफ्टवेअरमध्ये आयती मिळतात, त्यांतील बहुतेकांचा जन्म कोठल्या ना कोठल्या अडलेल्या हिशेबापोटी झाला आहे.

परस्परावलंबनाचा पेच मात्र संगणकाहून फार जुना आहे. सूर्यग्रहणाचा मध्य केव्हा दिसेल हे सांगायचे तर लंबन (पाहणाऱ्याच्या जागेमुळे बिंबाच्या स्थानात दिसणारा फरक) ठाऊक हवे, आणि लंबन काढायचे तर तीच वेळ ठाऊक हवी. म्हणून आपले ज्योतिषी एक वेळ गृहीत धरीत, तीवरून लंबन काढीत, त्या लंबनाने वेळ सुधारीत, आणि आकडा स्थिर होईपर्यंत हे 'असकृत्' कर्म चालवीत. शके 1072 मध्ये सिद्धांतशिरोमणी लिहिणाऱ्या भास्कराचार्यांच्या गणितात ही रीत नित्याची आहे. आजची सगळी विद्या तेथूनच निघाली असे म्हणण्याचा मोह मला होत नाही. न्यूटनने 1669 च्या सुमारास आणि रॅफसनने 1690 मध्ये जी रीत घालून दिली, तिची वाट निराळी होती, आणि आजचे सॉल्व्हर, म्हणजे समीकरणे सोडविणारी सॉफ्टवेअरे, प्रत्येक क्षणी चालवतात ती मुख्यतः तीच.

पण काळाबरोबर बदलणाऱ्या प्रश्नातले खरे संकट प्रथम ज्याच्या वाट्याला आले, तो लुईस रिचर्डसन. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींची वाहतूक करणाऱ्या पथकात काम करीत असता, उसंत मिळेल तेव्हा, त्याने 20 मे 1910 या दिवसाचे मध्य युरोपातील हवामान निव्वळ समीकरणांवरून हाताने मांडण्याचे साहस केले. त्याचे हस्तलिखित 1917 च्या लढाईत गहाळ झाले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले, ही हकीकत एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. उत्तर मात्र असे आले की सहा तासांत वायुभार 145 मिलिबारांनी चढेल. प्रत्यक्षात तो जागचा फारसा हलला नव्हता. रिचर्डसनने 1922 च्या आपल्या ग्रंथात हे अपयश लपविले नाही, आणि याबद्दल त्याचे उपकार मानावे तेवढे थोडेच. पुढे आयरिश हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी आरंभीचे आकडे परस्परांशी सुसंगत करून तोच हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा उत्तर समंजस आले. दोष समीकरणांचा नव्हता. वारा आणि वायुभार यांचे आरंभीचे आकडेच एकमेकांशी फटकून होते. आजही पहिल्याच पावलाला गाडी अडली, तर जाणता माणूस आधी आरंभमूल्ये तपासतो, आणि भार एका क्षणात लादण्याऐवजी चढणीने लादतो.

हिशेब एका वेळी काळात जेवढा पुढे सरकतो, त्या पावलाच्या लांबीचा निवाडा 1928 मध्ये झाला. कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या तिघांनी, संगणक डोळ्यांपुढे नसताना, शुद्ध गणिताच्या ओघात दाखवून दिले की हिशेबासाठी अवकाशावर आखलेल्या जाळीच्या एका घरापेक्षा अधिक अंतर लाट ज्या अवधीत कापते, तेवढे लांब पाऊल पुढल्या क्षणाचे उत्तर थेट गत क्षणावरून काढणाऱ्या साध्या रीतीला झेपत नाही. उष्णतेच्या समीकरणासाठी क्रँक आणि निकोल्सन यांनी 1947 मध्ये यातून सुटकेची एक तजवीज काढली. तर 1952 मध्ये कर्टिस आणि हर्शफेल्डर यांनी रासायनिक अभिक्रियांमधील अतिशीघ्र आणि अतिमंद घटना एकत्र आल्या की समीकरणे 'ताठर' होतात हे ओळखून, पुढल्या क्षणाचे उत्तर त्याच क्षणाच्या अटीवरून काढण्याचा मार्ग दाखविला. गिअर यांनी 1971 च्या पुस्तकात त्याला सुबक रूप दिले आणि पाऊल स्वतःहून लांबआखूड करणारा सॉल्व्हर रूढ झाला.

पाऊल बारीक करा म्हणजे सारे सुधारेल, हा समज तेव्हापासून इतका मुरला की त्याला छेद देणारे निरीक्षण आले तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. प्रवाही आणि घन यांची गणिते आळीपाळीने सोडविण्याची रीत 1970 च्या दशकात पार्क आणि फेलिपा यांनी पाण्याखालच्या स्फोटांनी हादरणाऱ्या रचनांसाठी विकसित केली होती. तीच रक्त आणि रोहिणीच्या पातळ भिंतीला लावली असता हिशेब उधळतो. आणि कोझां, झेर्बो व नोबिले यांनी 2005 मध्ये दाखविले की, दोन्ही पदार्थांची घनता जवळपास सारखी असली तर पाऊल कितीही बारीक केले तरी ही उधळण थांबत नाही. तेथे एक उपाय असा की त्याच क्षणी थांबून दोन्ही गणिते पुन्हा पुन्हा फिरवावीत, आणि प्रत्येक फेरीतील दुरुस्ती पूर्ण न स्वीकारता तिचा एक अंशच स्वीकारावा. तो अंश किती हे ठरविण्यासाठी आजही बहुधा एटकेनचे 1926 चे सूत्र वापरतात.