फुकटची बाटली, महागडी नळी : गिटारच्या ‘स्लाइड’चा छोटा इतिहास (थ्रेड)

१/ गिटारवादकाच्या बोटात बसणारी, दोन-अडीच इंचांची काचेची किंवा धातूची नळी, म्हणजे ‘स्लाइड’. यंत्रावर बनलेली काहीशे रुपयांत मिळते. कारागिराने हाताने घडवलेल्या नळीला त्याच्या कितीतरी पट किंमत मोजावी लागते. या नळीचे पूर्वज मात्र बहुतांशी टाकाऊ वस्तूंतून आले होते. मग ही किंमत नेमकी कशाची?

२/ कथेचा एक उगम हवाई बेटांवर आहे. १९व्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या विद्यार्थ्याने गिटारच्या तारांवर चाकू, कंगवा असे काय काय फिरवून पाहिले आणि अखेर शाळेच्या कार्यशाळेत पोलादी कांडी घडवून घेतली, असे सांगितले जाते. हाताला साजेशा साधनाची गरज तेव्हापासूनची आहे.

३/ दुसरा उगम अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या मळ्यांत. कृष्णवर्णीय मजुरांची मुले भिंतीवर खिळ्यांनी तार ताणून तिच्यावर बाटली फिरवत. सुमारे १९०३ मध्ये मिसिसिपीतील टटवायलर स्थानकावर एक माणूस गिटारच्या तारांवर चाकू दाबून वाजवत असल्याची आठवण संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे.

४/ पुढे बाटलीची मान तोडून, तिची धार घासून ती बोटात घालण्याची रीत रूढ झाली. म्हणूनच या वादनशैलीला ‘बॉटलनेक’ म्हणतात.

५/ ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलस येथे ब्लाइंड विली जॉन्सन या अंध गायकाने ‘डार्क वॉज द नाइट’ ध्वनिमुद्रित केले. तो चाकूने वाजवी की धातूच्या कड्याने, यावर जाणकारांत एकमत नाही. १९४५ मध्ये तो दारिद्र्यात मरण पावला.

६/ १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांसोबत अंतराळात गेलेल्या सुवर्ण तबकडीवर हेच मुद्रण आहे. त्याच तबकडीवर गोव्यात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे.

७/ १९६८. ड्वेन ऑलमन या तरुण वादकाला सर्दी झाली होती. त्याच्या भावाच्या आठवणीनुसार, भावाने आणून दिलेली ‘कोरिसिडिन’ गोळ्यांची काचेची बाटली त्याने रिकामी केली, वरचा कागद धुऊन काढला आणि ती बोटात घातली. पुढे ही बाटली त्याची ओळखच बनली. कालांतराने त्या औषधाचे वेष्टन बदलले. मग संग्राहक जुन्या बाटल्या शोधू लागले आणि बाजारात तिच्या प्रतिकृती आल्या.

८/ आता किंमतीकडे. स्लाइड तार दाबून पडद्याला टेकवत नाही. ती तारेवर अलगद टेकते आणि तारेच्या कंपनाची सीमा तीच ठरवते. नळी फार हलकी असेल तर स्वर लवकर विझतो. पृष्ठभाग खडबडीत असेल तर खरखर ऐकू येते. बोटात सैल असेल तर मींड घेताना ती डळमळते आणि स्वर बेसूर लागतो.

९/ म्हणून कारागीर भिंतीची जाडी, वजन आणि आतला व्यास वादकाच्या बोटानुसार राखतो. काच सावकाश निववावी लागते. घाई केल्यास आत ताण राहतो आणि ती पुढे तडकू शकते. कडा गोल करणे, पृष्ठभाग घासून चकचकीत करणे, हे सारे एकेका नगावर. तडकलेल्या नगांची भरपाईही उरलेल्या नगांच्या किंमतीतूनच होते.

१०/ तेव्हा महागडी स्लाइड ही निव्वळ हौस नाही. तिच्या किंमतीत कारागिराचे तास आहेत आणि ते त्याला मिळायलाच हवेत. परंतु ज्यांनी चाकू आणि फुटक्या बाटल्यांतून हा नाद प्रथम काढला, त्यांपैकी बहुतेकांची नावेही नोंदलेली नाहीत. टटवायलरच्या स्थानकावरचा तो वादक कोण होता, हे हँडींच्या आठवणीतही नाही.

(थ्रेड समाप्त)