मागणाऱ्याच्या नोकरीचं कलम

सुर्ला हे गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं लोहखनिजाचं गाव. 1952 च्या खाण कायद्याने उघड्या खाणीवर दिवसाला नऊ किंवा आठवड्याला 48 तासांपलीकडे राबणाऱ्याला दुप्पट मजुरी ठरवून दिली. पण ही जादा तासांची मजुरी, म्हणजे ओटी, मागितली म्हणून उद्या कामावरूनच काढलं तर?

हा प्रश्न परळच्या गिरण्यांइतका जुना आहे. सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी तिथे कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत, अशा मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या पडल्या. त्या मागण्यांइतकाच हा आकडा मला मोलाचा वाटतो. एकट्याने मागितलं असतं तर मालकाने त्याला सहज घरी बसवलं असतं. कायद्याचा आधार नसताना संख्या हाच आधार होता.

कायद्याने आधी दर ठरवला. 1922 मध्ये कारखान्यातल्या जादा तासाला सव्वापट, 1948 च्या कायद्यात दुप्पट. मागणाऱ्याच्या नोकरीची काळजी आली ती 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 33 मधून: तंटा समेट अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायाधिकरणापुढे चालू आहे तोवर त्याच तंट्याच्या कारणावरून लेखी परवानगीशिवाय कामगाराला काढायचं नाही. 1950 मध्ये 33अ आलं आणि मालकाने हे मोडल्यास थेट न्यायाधिकरणाकडे तक्रार करता येऊ लागली. दुसऱ्या कारणाने काढायचं तरी मालकाला मंजुरी मागावी लागते. ती न घेतल्यास बडतर्फी टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2002 मध्ये सांगितलं.

मुक्तीनंतर हे कायदे गोव्याला लागू झाले. खाणी केंद्राच्या अखत्यारीत, त्यामुळे सुर्ल्याच्या खाणकामगाराचा तंटा पुढे गेला की मुंबईच्या केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरणात जाई. मजुरी बुडवून एवढ्या लांब खेटे घालायचे, ही शिक्षाच होती.

त्याहून मोठी उणीव अशी की कलम 33 तंटा सुरू झाल्यावर जागं होतं. त्याआधी साहेबाकडे एकटा गेलेला कामगार उघडाच राहतो. सुडाने काढणं 1984 पासून अनुचित प्रथा ठरलं, पण सूड सिद्ध करायचा कामगारानेच. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत जुनं कलम 33 हे कलम 90 झालं, ही उणीव तशीच ठेवून. वेतन संहितेने मात्र थकलेल्या मजुरीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत दिली आहे. भीतीपोटी गप्प राहिलेल्याला दुसरीकडे काम लागल्यावरही जुनी ओटी मागता येईल.