‘फोर्ट स्टिकीन’ आणि न फडकलेले निशाण

दि. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या ब्रिटिश मालवाहू जहाजाचा नाश झाला. या घटनेची लोकस्मृती आजही आकाशातून पडलेल्या सोन्याच्या विटांभोवतीच घुटमळते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र जहाजावरील त्या १२४ विटांपेक्षा त्याच्या डोलकाठीवर नसलेले तांबडे निशाण अधिक महत्त्वाचे होय.

१९४२ साली कॅनडातील प्रिन्स रूपर्ट येथे बांधलेले हे जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी बर्कनहेडहून निघाले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती. कराचीस कापसाचे गठ्ठे चढले आणि दुसऱ्या मालकोठीत खाली कापूस, वर स्फोटके अशी विलक्षण मांडणी झाली. कप्तान नेस्मिथ यांस हा शेजार रुचला नव्हता; पण युद्धकाळात जहाजातील रिकामी जागा ही चैन समजली जाई.

स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने दिवसा तांबडे निशाण लावावे, हा बंदरांचा जुना संकेत. युद्धात तो शिथिल झाला होता. १२ एप्रिलला जहाज गोदीत लागले ते निशाणाविनाच, आणि आजूबाजूच्या जहाजांना आपला शेजारी कोण याची वार्ताही नव्हती. १४ तारखेस दुपारी धूर दिसला. गोदीच्या व्यवस्थापकाचे मत जहाज बाहेर न्यावे असे पडले. लष्करी तज्ज्ञाने ते बुडवावे म्हटले. अग्निशामकांना आग विझण्याची आशा होती. सल्ला देणारे अनेक होते, आज्ञा देणारा कोणीच नव्हता. दरम्यान कोठीत ओतलेल्या शेकडो टन पाण्यावर जळता कापूस तरंगून स्फोटकांच्या दिशेने वर सरकत होता.

४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, अधिक प्रचंड. त्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावरही झाली. शेजारचे ‘जलपद्म’ उचलले जाऊन छपरावर आदळले. मृतांचे अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत आहेत. त्यांत गोदीतील मजूर किती, हा हिशेब कधीच नीट लागला नाही. अग्निशामक दलाचे ६६ जण मात्र नोंदले गेले. १४ एप्रिल हा त्यांच्या स्मरणार्थ अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

निशाणाबाबतचे मौन पुढे वार्तेसही लागू झाले. जपानच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने दुसऱ्याच दिवशी स्फोटाचा वृत्तांत दिला. हिंदुस्थानातील वार्ताहरांना तो पाठविण्याची मुभा मिळाली ती मे महिन्यात.