पितळी टोप उतरवा

ठाकुर्लीला उतरलात की साल कोणतं ते आधी नाकाला विचारा. वडापावचं तेल आणि नव्या टॉवरच्या ओल्या सिमेंटचा वास आला, तर तुम्ही अजून घरीच आहात. दगडी कोळशाचा धूर घशाला लागला आणि पांढऱ्या सदऱ्यावर काळी कणी येऊन बसली, तर पोचलात. साल 1930. समोर जीआयपी रेल्वेचं चोळ्याचं पॉवर हाउस धडधडतंय, नवंकोरं. इथली वीज सबस्टेशनांत जाऊन 1,500 व्होल्टची डीसी होते आणि रुळांवरच्या तारांत चढते. घाटात मालगाड्या ओढणारं ते लांब नाकाचं इंजिन, ज्याला रेल्वेवाले खेकडा म्हणतात, विजेवरच चालतं. यंदा 1 जूनला कल्याणहून पुण्याला सुटलेली दख्खनची राणीसुद्धा.

तुम्हाला मात्र गाड्या बघायला आणलेलं नाही. फाटकातून आत या. भिंतीला लाल बादल्या टांगल्यात, त्यातली एक उतरवून जमिनीवर ठेवा. राहत नाही, लवंडते. बूड गोल आहे, मुद्दाम केलेलं. सपाट असतं तर दोन दिवसांत ती कुणाच्या तरी न्हाणीघरात गेली असती. आत वाळू आहे. कोरडी आहे का ते हात घालून बघा. विड्यांची थोटकं लागतील. (बादलीत विडी टाकू नये अशी पाटी असते आणि बादलीत विड्या असतात. साल कुठलंही घ्या.)

शेजारी एक निमुळतं लाल नळकांडं अडकवलंय. ते सोडा-ॲसिडचं. आत नऊएक लिटर पाण्यात सोडा विरघळवलेला, आणि वरच्या टोकाला जाळीत गंधकाम्लाची काचेची कुपी. बटणावर हाणायचं, कुपी फुटते, आम्ल सोड्यात मिसळतं, वायू सुटतो आणि त्याच्या दाबानं पाणी बाहेर फेकलं जातं. जेमतेम मिनिटभर. मध्ये थांबवायची सोय नाही. एकदा हाणलंत की ते रिकामं होईपर्यंत तुम्ही त्याचे नोकर. तुमचा हात बटणाकडे जातोच आहे, तेवढ्यात मागून ओरड येते.

"अरे बाबा, स्विचबोर्डाकडे तोंड करून नको!"

फोरमन आहे. पाण्याच्या अखंड धारेवरून वीज उलटी चालत येऊ शकते, थेट तुमच्या हातातल्या पितळी तोटीपर्यंत, हे तो तुम्हाला दोन शिव्यांत समजावतो. मग होळीच्या पिचकारीसारखा एक छोटा पितळी पंप हातात देतो. आत सीटीसी, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड. त्यातून वीज वाहत नाही, आणि आग गुदमरते. तापलेल्या लोखंडावर पडलं तर त्यातून फॉस्जिन सुटतो, पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडला होता तोच वायू. फोरमन हे सांगत नाही. त्याला ठाऊक असेल असं वाटतही नाही. तुम्ही तेवढं लक्षात ठेवा आणि वाळूची बादली धरा.

आग विझवायचं सामान प्रत्येक मोठ्या आगीनंतर सुधारत गेलं असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. बरंचसं सामान आगीनं बदललंच नाही, विजेनं बदललं. आणि त्यातली थोडी वीज इथे, ठाकुर्लीत कोळसा जाळून, तयार होत होती.

पटत नसेल तर भायखळ्याच्या अग्निशमन केंद्रात चला, तेवीस वर्षं मागे. 1907. पुन्हा नाक पुढे करा: घोड्यांची लीद, चामड्याला लावलेलं तेल, ब्रासो घासल्यासारखा धातूचा उग्र वास. मुंबईत आग विझवणं हे एके काळी पोलिसांचं जोडकाम होतं. 1887 मध्ये फायर ब्रिगेडची नव्यानं बांधणी झाली. आवारात वाफेचा पंप उभा आहे. उभा बॉयलर, खाली भट्टी, मागे कोळसा. घंटा वाजली की घोडे जुंपायचे, भट्टी पेटवायची आणि आगीच्या जागी पोचेपर्यंत वाफ तयार व्हायला हवी. म्हणजे आग विझवायला निघालेली गाडी रस्ताभर ठिणग्या उडवत जाणार. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. याच वर्षी इथे मोटारीवरचा पहिला बंब आलाय. घोडे त्याच्याकडे तिरक्या नजरेनं बघतात, पण त्यांच्या नोकरीला तूर्त धक्का नाही.

आता तुमच्या डोक्यावर टोप चढवतात. पितळी. किलोभर वजन सहज आहे. टाळूवरून मागे जाणारी उंच कड, तिच्यावर कोरलेला ड्रॅगन, हनुवटीखाली साखळीचा पट्टा. 1860च्या दशकात लंडनच्या कॅप्टन शॉनं पॅरिसच्या बंबवाल्यांकडून उचललेली ही घडण पुढे साहेबाच्या राज्यात दूरदूर पोचली. वरून वीट पडली तर कडेवर आपटून बाजूला जाते. धुरात चकाकतो, त्यामुळे आपला माणूस कुठे आहे ते कळतं. उन्हात दहा मिनिटं उभे राहा म्हणजे दुसरा गुणही कळेल, केस भाजतात. तरीही तो घातल्यावर मान आपोआप ताठ होते. रुबाब म्हणजे काय ते या टोपाला विचारावं. आजच्या कुठल्याही हेल्मेटला ते जमलेलं नाही.

मग घराघरात वीज आली. जळक्या छताला लोंबणारी जिवंत तार पितळेला लागली तर काय होईल, हे सांगायला फोरमन नको. लंडननं 1930च्या दशकात पितळ सोडून कॉर्क आणि रबराचे टोप घ्यायला सुरुवात केली, पाठोपाठ इतरांनीही. कुऱ्हाडीच्या मुठीला रबर चढलं. पितळी टोप संचलनापुरते उरले, नंतर काचेच्या कपाटात गेले. तुम्हीही उतरवा.

परत ठाकुर्ली. शुक्रवार, 14 एप्रिल 1944. चार वाजून गेलेत, ऊन चांगलंच तापलंय. एक लांबचा धमाका ऐकू येतो. पॉवर हाउसच्या आवारातले सगळे आधी आपल्याच चिमण्यांकडे बघतात: बॉयलर गेला की काय? नाही, आपला नाही. अर्ध्या तासानं दुसरा. हा आवाज ऐंशी किलोमीटरपर्यंत गेला म्हणतात. मुंबईची गोदी तर इथून त्याच्या निम्म्यावर.

व्हिक्टोरिया डॉकला फोर्ट स्टिकीन नावाची बोट लागली होती. तिच्या पोटात जवळजवळ 1,400 टन दारूगोळा, कराचीला चढवलेल्या कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपं आणि सोन्याच्या विटा. असा माल एकत्र भरणाऱ्याला काय म्हणावं? युद्ध होतं, जहाजं कमी होती, एवढंच. दुपारी कापसातून धूर निघाला. बंबवाले आले, 32 होज लावले, 900 टनांहून जास्त पाणी ओतलं. धूर इतका दाट की आग नेमकी कुठे आहे तेच दिसेना. पाणी ओतत राहायचं, अंदाजानं. बोटीवर ते पाणी उकळायला लागलं. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. स्फोटाच्या हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. सोन्याच्या विटा गोदीबाहेर घरांची छपरं फोडून पडल्या. ब्रिगेडचे 66 जवान गेले. देशभरातली अग्निशमन दलं 14 एप्रिल पाळतात, आणि त्या आठवड्यात शर्टाला चिमुकला झेंडा टोचून कुणी दहा रुपये मागितले, तर ते याच दिवसाचे.

इथे जास्त थांबू नका. त्या धुरात तुमच्या हातात काय असतं, तर तोंडाला बांधलेला ओला रुमाल आणि एक ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाची तोटी. ती सोडून पळायला हवं होतं हे आपल्याला आज कळतं.

आता जरा हलकं काम. साठच्या दशकातला उन्हाळा. चोळेगावाच्या शेतात पेंढ्याची गंजी पेटलीय. तुम्ही बंबावर आहात. बंबात नव्हे, बंबावर: टाटा-मर्सिडीजच्या चॅसीवर बांधलेली उघडी गाडी, दोन्ही बाजूंच्या पायरीवर माणसं उभी, एका हातानं दांडा धरलेला. पुढे टांगलेल्या पितळी घंटेची दोरी तुमच्या हातात. अंगात खाकी, कमरेला रुंद चामडी पट्टा, त्यात कुऱ्हाड, पायात गमबूट. घंटा बडवत तुम्ही रेल्वे फाटकापाशी येता आणि फाटक बंद. मालगाडी यायचीय. तुम्ही आणखी जोरात बडवता. सायकलवर पाय टेकून उभे असलेले एक आजोबा वळून म्हणतात, "घंटेनं रूळ उचलणारेस काय?" ठाकुर्लीच्या फाटकानं किती बंब असे अडवले असतील याचा हिशेब कुणी ठेवला नसावा. उड्डाणपूल व्हायला पुढे पन्नास वर्षं जायची आहेत.

गंजीपर्यंत गाडी जात नाही, मध्ये बांध आहेत. मग मागे जोडलेला ट्रेलर पंप सोडा, चौघांनी धरा आणि ढकला. युद्धाच्या काळात असले पंप ढिगानं बनले आणि नंतर गावोगाव राबले. विहीर गाठा. सक्शन होज जाड आहे, आत तारेचं वेटोळं, म्हणून दुमडत नाही आणि वाकतही नाही. टोकाला जाळी लावा, नाहीतर बेडूक पंपात जाईल. जोड स्पॅनरनं आवळा. केसाएवढी फट राहिली तरी पंप नुसती हवा पिईल. आणि आधी विहिरीत डोकावून पाणी किती खोल आहे ते बघा. सात मीटरच्या खाली असेल तर सोडून द्या. खरं तर पंप पाणी वर ओढतच नाही. तो नळीतली हवा काढतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. त्या दाबाची ताकद दहा मीटरच्या पलीकडे नाही, आणि जोडांत, जाळीत, घर्षणात त्यातली बरीच जाते. घामाघूम होऊन मे महिन्यातल्या विहिरीशी उभं राहिलात की भौतिकशास्त्राचा हा धडा जन्मात विसरत नाही.

प्रायमिंग, म्हणजे नळीतली हवा काढणं, चालू. सगळे काट्याकडे बघतायत. पंपाचा आवाज अचानक जड होतो. लागलं पाणी! बांधावर पडलेला चपटा कॅनव्हास होज टप्प्याटप्प्यानं फुगत तुमच्याकडे येतो. सुरुवातीला तो अंगभर झिरपतो, घाबरू नका. सूत भिजलं की फुगतं, वीण घट्ट होते आणि गळती आपोआप थांबते. ब्रँच दोघांनी धरा, ती मागे लाथ मारते.

गंजीवर धार सोडा. पाणी वरच्या वर ओघळतं, आणि आत निखारा मजेत असतो. पेंढ्याची आग नुसत्या पाण्यानं विझत नाही. आकड्यानं ओढून गंजी पसरावी लागते, एकेक थर उलटा करून भिजवावा लागतो. रात्र यातच जाते. गावातली कुणी मावशी चहाची किटली पाठवते. गमबुटात पाणी शिरतं आणि दोन दिवस पायांची बोटं पांढरीफटक राहतात. स्टेशनवर परतल्यावर झोपायचं नसतं. होज धुवायचे, उंच टांगून वाळवायचे. ओला गुंडाळलात तर कुजेल, आणि पुढच्या आगीत नेमका भर दाबावर फाटेल. जुन्या अग्निशमन केंद्रांत जो उंच मनोरा दिसतो, तो टेहळणीचा असेल असं लोकांना वाटतं. पुष्कळदा तो होज वाळवायचा असतो.

पुढची वर्षं भरभर ओलांडू. 1983 मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका झाली. ऐंशीच्या दशकातच चोळ्याचं पॉवर हाउस थंडावलं. कॅनव्हास जाऊन आतून रबराचं अस्तर असलेले, कुजत नसलेले होज आले. सीटीसी बंद झालं, सोडा-ॲसिडही. घंटा जाऊन भोंगा आला. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचं 1,500 व्होल्टचं डीसी 2015 पर्यंत संपलं आणि डोक्यावर 25,000 व्होल्ट एसी आलं. रुळांजवळ काही पेटलं तर आजही बंबवाला आधी पाणी मागत नाही. तारेतली वीज बंद झाल्याचं पक्कं कळेपर्यंत तो होज हातात धरून उभा असतो, आणि भोवतालचे लोक त्याला शिव्या घालतात. 1930च्या फोरमननं शिकवलेलं आहे ते.

26 मे 2016 आणि 23 मे 2024, डोंबिवलीच्या एमआयडीसीतले दोन स्फोट. हा प्रकार ओळखीचा आहे: साठवलेलं रसायन, दाट धूर, आग नेमकी कुठे ते न दिसणं. फरक एवढाच की तुमच्या पाठीवर आता हवेचा सिलिंडर आहे. श्वास शांतपणे घेतलात तर अर्धा-पाऊण तास पुरतो. धापा टाकल्यात तर त्याहून लवकर शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की बाहेर यायचं. आतलं काम कितीही राहिलं असो, बाहेर यायचं. 1944च्या गोदीत अशी शिट्टी कुणाकडे नव्हती.

आणि आजची ही ठाकुर्लीतली गल्ली. चौथ्या मजल्यावरच्या मीटर बॉक्समधून धूर येतोय. मागे भोंगा वाजतोय, पण जवळ येत नाही. नाक्यावर बंब अडकलाय. चार जवान होजची गुंडाळी खांद्यावर टाकून पळत येतात, ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडतो, "ओ काका, ती पांढरी स्कूटी कोणाची? आधी बाजूला घ्या!"

चावी तुमच्याच खिशात आहे. पळा.