होस्टिंगमध्ये ‘सीजीआय-बिन’ नावाचं फोल्डर दिसतंय? डिलीट करण्याआधी हे वाचा

समजा, तुम्ही सदाशिव पेठेतल्या एखाद्या गणेश मंडळाचे कार्यकर्ते आहात. मंडळाची वेबसाईट ज्या मुलाने बनवली, तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला. जाताना पासवर्ड तुमच्या हातात ठेवला. तुम्ही सीपॅनेल उघडता, फाईल मॅनेजरवर क्लिक करता आणि समोर डझनभर अनोळखी फोल्डर. यातलं कामाचं कोणतं, कचरा कोणता आणि चोराने ठेवलेलं कोणतं?

घरचीच फोल्डर

‘पब्लिक_एचटीएमएल’ म्हणजे वेबसाईटचा दर्शनी भाग. यात ठेवलेलं जगाला दिसू शकतं. शेजारचं ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ ही वेगळी प्रत नसून त्याच फोल्डरकडे जाणारा शॉर्टकट असतो. ‘मेल’मध्ये ईमेल असतात, ‘लॉग्ज’मध्ये साईटवर कोण कधी आलं त्याची नोंद. यांना हात लावू नका.

‘डॉट वेल-नोन’ हे नाव संशयास्पद वाटतं, पण ब्राउझरमध्ये कुलूप दिसण्यासाठी लागणारं एसएसएल प्रमाणपत्र देताना, डोमेन तुमचंच आहे ना, हे याच फोल्डरमधून तपासलं जातं.

वर्डप्रेस असेल तर ‘डब्ल्यूपी-अॅडमिन’, ‘डब्ल्यूपी-इन्क्लूड्स’ आणि ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ ही तीन फोल्डर असणारच.

मग सीजीआय-बिन काय आहे?

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात सीजीआय ही पद्धत आली. तोवर सर्व्हर मुख्यतः तयार पानं पाठवायचा. सीजीआयमुळे तो प्रोग्राम चालवून उत्तर देऊ लागला. ते प्रोग्राम, म्हणजेच स्क्रिप्ट, ठेवायची जागा म्हणजे सीजीआय-बिन. आज बहुतेक साईट पीएचपीवर चालतात, त्यामुळे हे फोल्डर बरेचदा रिकामंच असतं. रिकामं असेल तर काळजी नाही.

धोका कुठे असतो?

धोका असतो विसरलेल्या स्क्रिप्टमध्ये. १९९५ मध्ये आलेली ‘फॉर्ममेल’ ही फुकट स्क्रिप्ट लाखमोलाची वाटायची, कारण साईटवरचा फॉर्म ती थेट ईमेलवर पाठवायची. पुढे स्पॅमवाल्यांनी तिच्या जुन्या आवृत्त्या वापरून दुसऱ्यांच्या सर्व्हरवरून मेल पाठवले. २०११ मध्ये ‘टिमथंब’ या फोटो लहान करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये त्रुटी सापडली. ती अनेक वर्डप्रेस थीममध्ये आधीच घातलेली असल्याने, आपल्याकडे ती आहे हेच कित्येक साईटमालकांना ठाऊक नव्हतं.

म्हणून ‘ओल्ड’, ‘टेस्ट’, ‘न्यू२’ अशा नावांची फोल्डर आधी तपासा. ‘अपलोड्स’ ही फोटोंची जागा आहे. तिथे पीएचपी फाईल दिसली तर सावध व्हा. काही प्लगिन तिथे जवळजवळ रिकामी ‘इंडेक्स’ फाईल ठेवतात, ती चालते. पण आत अगम्य अक्षरांची लांबलचक रांग असेल तर प्रकरण गंभीर समजा. नुसत्या तारखेवर विसंबू नका, ती बदलता येते.

काय करायचं?

१. फाईल आणि डेटाबेस, दोन्हींचा पूर्ण बॅकअप घेऊन आपल्या संगणकावर उतरवा.

२. आधी बनवणाऱ्याला आणि होस्टिंग कंपनीला फोल्डरचं नाव कळवून विचारा.

३. उत्तर मिळालं नाही तर डिलीट करू नका. फोल्डर पब्लिक_एचटीएमएलच्या बाहेर हलवा. नुसतं नाव बदलून भागत नाही, कारण आतली स्क्रिप्ट नव्या पत्त्यावरून चालू शकते.

४. काही दिवस साईट, फॉर्म आणि देणगीचं पान तपासा. सगळं चालत असेल तरच फोल्डर काढा.

५. घुसखोरी दिसली तर सगळे पासवर्ड बदला आणि वर्डप्रेस, थीम, प्लगिन अपडेट करा.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांनी अशी घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

आणि हो, प्रत्येक फोल्डर कशाचं आहे हे मंडळाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पासवर्ड दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असेल.